सोललेल्या दाण्यांची भज्जी

मी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. म्हणजे बत्तीस वर्षं मी माणसांना घासून उभा राहिलो. पौर्णिमेची तुळजापूरची गाडी भरली की शेवटचा माणूस दारातून आत कोंबायचा आणि "पुढं सरका, पुढं लई जागा हाय," असं तोंड भरून खोटं बोलायचं, हे माझं रोजचं काम. घाम, बिडी, ओकारी, टोपलीतल्या कोंबड्या, म्हाताऱ्यांची न धरवलेली लघवी, या सगळ्यांतून वाट काढत मी तिकिटं फाडायचो. नाकाला रुमाल लावणाऱ्यांची मला चीड यायची. असा कुणी दिसला की मी त्याला मुद्दाम मधल्या गर्दीत नेऊन उभा करायचो.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात आजाराचा भाग किती आणि माझ्या स्वभावाचा किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

अडुसष्टाव्या वर्षी, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं पोट फुगायला लागलं. मला वाटलं पुरणपोळ्या बाधल्या. बायकोनं ओवा दिला, सोडा दिला, हिंग लावून पोट चोळलं. संध्याकाळपर्यंत पोट ताठ झालं, वरून काही जाईना आणि खालून काही येईना. जवळच्या मुरुम गावच्या डॉक्टरनं पोटावर बोटानं टकटक केलं आणि सोलापूरला न्या म्हणाला, आत्ताच्या आत्ता. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर मला आडवं घातलं. बत्तीस वर्षं ज्या रस्त्यावर मी लोकांना धक्के खायला लावले, त्या रस्त्याचा एकेक खड्डा त्या दिवशी माझ्या पोटातून गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटाला मधोमध मोठी पट्टी होती आणि डाव्या बाजूला एक पारदर्शक पिशवी चिकटवलेली होती. माझ्या मुलाच्या वयाचा डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, "काका, आतड्याला पीळ पडला होता. तेवढा भाग काळा पडला होता, तो काढला. आता आतड्याचं तोंड पोटावर आणलंय. पाच-सहा महिन्यांनी परत आत जोडू."

"आणि तोवर?"

त्यानं पिशवीकडं बोट दाखवलं.

मी भिंतीकडं तोंड केलं आणि रडलो. लहानपणी रडलो असेन तसा, आवाज करून. बायकोनं रडू दिलं. मग डोळे पुसता पुसता म्हणाली, "पीळ तुमच्या स्वभावात हुता. त्यो आतड्यात कवा उतरला, कळलंच न्हाय." माझी बायको अशी आहे. ती मला हसवते आणि मग पदर तोंडाला लावून स्वतः बाहेर जाते.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गोष्ट घडली. तेव्हा मला ती किरकोळ वाटली. इंजेक्शनच्या गुंगीत मला गाढ झोप लागली होती. बायको औषधं आणायला खाली गेली होती. उकडत होतं म्हणून मी झोपेतच चादर लाथाडलेली, अंगातला दवाखान्याचा गाऊन वर गोळा झालेला, पिशवी उघड्यावर. जाग आली तेव्हा चादर गळ्यापर्यंत ओढलेली होती आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली होती. म्हणजे कुणीतरी बघितलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी वॉर्डातल्या मावशीवर ओरडलो. ती म्हणाली, "बाबा, म्या आत्ताच आले ड्यूटीवर." तरी घरी येईपर्यंत मी तिच्याशी नीट बोललो नाही.

घरी यायच्या आधीच आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं की गावात सांगायचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. अडुसष्टाव्या वर्षी अपेंडिक्स! पण लोकांनी मानलं. आमच्या गावात पोटातली कुठलीही गोष्ट कापली की ती अपेंडिक्सच असते.

घरात मात्र लपवता येत नव्हतं. पहिले पंधरा दिवस मी त्या पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही. मान वर करून आढ्याकडं बघत पडायचो आणि बायको खाली सगळं करायची. पिशवी रिकामी करायची, भोवतालची कातडी कोमट पाण्यानं पुसायची, लाल झाली असेल तर पावडर लावायची. ते आतड्याचं तोंड लालबुंद, ओलसर असतं आणि मनाला येईल तेव्हा हलतं. त्याला हात लावला तर दुखत नाही, हे मला तिनंच सांगितलं. एकदाही तिनं नाकाला पदर लावला नाही. मी चोरून बघायचो, लावतेय का. तिनं लावला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

"बत्तीस वर्षं डाव्या अंगाला कातड्याची बॅग लावून हिंडला की," ती म्हणायची. "आता ही लावा. ड्यूटी सुरू हाय म्हणा."

पिशवीला वेळकाळ नव्हता. कुणी भेटायला आलं, खुर्चीवर बसलं, चहा हातात घेतला की माझ्या सदऱ्याखालून गुरगुर आवाज यायचा. मी लगेच मोठ्यानं खोकायचो. येणारे म्हणायचे, अपेंडिक्सनं खोकला बी लागतो व्हय?

या सगळ्या काळात गावातलं झाडून सगळं माणूस येऊन गेलं. आला नाही तो एकच, माझा सख्खा थोरला भाऊ. अण्णा. त्यांचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वहिनी दोनदा येऊन गेल्या, दारातच उभ्या राहून बायकोशी बोलून गेल्या. अण्णा दवाखान्यात फिरकले नाहीत आणि घरीही नाहीत. मी बायकोला म्हणायचो, "बघ. मेलो असतो तर खांदा द्यायला तरी आला असता का?"

आमचं काय झालं होतं ते सांगायला पाहिजे. मी नोकरीत असताना सगळी शेती अण्णांनी एकट्यानं केली. मी जिथं क्वार्टरवर असेन तिथं एसटीच्या टपावर टाकून ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, हुरडा पाठवायचे. कुठला कंडक्टर, कुठली गाडी, सगळं त्यांना पाठ असायचं. आई गेली आणि वाटणी झाली. तलाठ्यासमोर बांधावरून बोलणं वाढलं. अण्णा एवढंच म्हणाले होते की विहिरीकडचा तुकडा मला राहू दे, त्या मातीत माझं उभं आयुष्य गेलं. मी म्हणालो, "राबलं म्हणून शेत एकट्याचं होत न्हाय, अण्णा. गडी बी राबतोच की."

चार माणसांत म्हणालो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, गुडघ्यावरची माती झटकली आणि मी म्हणेन तिथं सही करून निघून गेले. विहिरीकडचा तुकडा मला मिळाला.

त्यानंतर सात वर्षं आमचं बोलणं नव्हतं. फक्त वर्षातला एक दिवस सोडून.

तो दिवस येळवशीचा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात असतं. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. शेतात कडब्याची खोप करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव, मांडून पूजा करतात आणि मग जेवण. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यात आंबवलेली ताकाची आंबील आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तेलात तळायची भजी नव्हेत. हिरव्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे दाणे, शेंगदाणे, रानातला मिळेल तो पाला, सगळं एका मोठ्या पातेल्यात बेसन लावून शिजवलेलं. त्या दिवशी वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हात धरून खोपीत बसवतात. बोलावलेल्या खोपीत गेलं नाही, तिथली आंबील तोंडाला लावली नाही, म्हणजे ते नातं संपलं. असं कुणी सांगत नाही, पण सगळे तसंच धरतात.

वाटणीत पांडवांची जागा अण्णांच्या हिश्श्यात गेली. मी माझ्या तुकड्यात नवे पाच दगड मांडले. एका बांधाच्या अलीकडं-पलीकडं दोन भावांच्या दोन खोपी. पण पूजा झाली की अण्णा बांधावर येऊन उभे राहायचे आणि हाक मारायचे, "बारक्या, ये रं जेवायला!" इतक्या वर्षांनी, नातवंडं झाल्यावर, मला बारक्या म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मी जायचो. खाली मान घालून वाटीभर भज्जी खायचो, आंबील प्यायचो. कुणी फार बोलायचं नाही. पण दोघांनाही ठाऊक होतं की हे आहे तोवर आपण भाऊ आहोत. सात वर्षं आमचा भाऊपणा त्या एका वाटीवर टिकला होता.

पिशवीच्या वर्षीची येळवस आली तेव्हा मला घरी येऊन तीन महिने झाले होते.

त्याच्या महिनाभर आधी एक प्रकार झाला होता. मुरुमला नात्यात बारसं होतं. बायको म्हणाली, चला, किती दिवस घरात कुजणार? गेलो. पंगतीला मांडी घालून बसलो आणि त्या बसण्यानं पिशवीचा चिकटवलेला काठ सुटला. मला आधी कळलंच नाही. समोर वाढणारी बाई एकदम थांबली आणि तिनं पदर नाकाला लावला. तिचं तिलाही कळलं नसेल, हात आपोआप गेला. शेजारचा माणूस थोडा सरकला. "पुढं सरका, पुढं लई जागा हाय," माझ्याच आवाजात मला ऐकू आलं. मी पानावरून उठलो, पोटाशी हात धरून बाहेर आलो आणि भिंतीआड उभा राहिलो. बायकोनं तिचा पदर माझ्या कमरेला गुंडाळून मला घरी आणलं. त्या दिवसापासून माणसांच्या ओळीत बसायचं नाही, असं मी ठरवलं.

येळवशीला शेतात मात्र गेलो. न जाणं जमलंच नसतं. शाळूची ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. आमच्या खोपीत बायकोनं पूजा केली. मी दहीभात खाल्ला, कारण डॉक्टरनं साल असलेलं कडधान्य अजून खाऊ नका म्हणून बजावलं होतं. सालं पचत नाहीत, आतड्याच्या तोंडाशी अडकतात.

आणि बांधावरून हाक आली. "बारक्या, ये रं जेवायला!"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

तिथं वहिनी, त्यांच्या लेकीसुना, जावई, पाहुणे, दहा-पंधरा माणसं मांडी घालून बसलेली असणार. मी बसेन, काठ सुटेल, कुणीतरी नाकाला पदर लावेल. आणि नाक झाकणारे अण्णाच असले तर? हे एक. दुसरं, मला खरंच राग होता. दवाखान्यात न आलेल्या भावाच्या पानावर मी का जाऊ? लाज आणि राग एकमेकांच्या हातात हात घालून बसले होते, आणि मला रागाचं नाव घेणं सोपं होतं.

"बारक्या!" दुसरी हाक.

"जावा की," बायको म्हणाली. "खाऊ नगा. नुसतं बसून या. आंबील तरी प्या."

"सांग त्यांना, झोपलेत म्हणून."

तिसरी हाक आली. बायको खोपीबाहेर गेली आणि ओरडली, "झोपलेत हो भावजी! औषदानं झोप लागलीय!"

मी खोपीत कडब्याला टेकून जागा बसलो होतो.

दुपार कलल्यावर पिशवी भरली. शेतात कुठं जाणार? बायको आणि मी तांब्या घेऊन बांधालगतच्या ज्वारीत शिरलो. मी सदरा वर करून दातात धरला. बायको खाली बसून पिशवी रिकामी करत होती आणि मी एका हातानं ज्वारीचं ताट धरून उभा होतो. इतक्यात बांधाच्या बाजूनं वाळली पानं चुरचुरली. अगदी जवळ. कुणीतरी उभं होतं.

मला काय झालं ते सांगता येत नाही. बारशातली बाई, दवाखान्यातली चादर, तीन महिन्यांची सगळी लाज एका क्षणात तोंडाला आली. "कोण हाय रं तिकडं? मुडद्या, दुसऱ्याचं बघायला लाज वाटत न्हाय व्हय?" असं ओरडून मी खालचं ढेकूळ उचललं आणि आवाजाच्या दिशेनं भिरकावलं. धप्प असा आवाज झाला. कुणी ओय केलं नाही, उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं पानांचा आवाज लांब जाताना ऐकू आला. पळणाऱ्याचा नव्हे, सावकाश चालत जाणाऱ्याचा.

"कुत्रं असंल," बायको म्हणाली. तिनं माझा सदरा दातांतून सोडवला आणि खाली केला.

पाडव्यानंतर माझं दुसरं ऑपरेशन झालं. आतडं आत जोडलं. पिशवी गेली, डाव्या बाजूला मुठीएवढा वण राहिला. चौथ्या दिवशी वारा सरला तेव्हा त्या तरुण डॉक्टरनं माझा हात हातात घेऊन हलवला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाचं पादल्याबद्दल अभिनंदन होतंय, हे बघून आम्ही दोघं नवरा-बायको हसता हसता रडलो. जाताना त्यानं बजावलं, दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही, नाहीतर टाके आतून उसवतील.

घरी येताना जीपमध्ये मी बायकोला म्हणालो, "ह्या येळवशीला अण्णांच्या खोपीत पयला म्या जाऊन बसणार. हाक मारायच्या आधी. दोन वाट्या भज्जी खाणार आन् सगळं सांगणार." बोललो आणि मला हलकं वाटलं. येळवशीला आठ-नऊ महिने होते. त्याआधी एखाद्या सकाळी उठून हाकेच्या अंतरावर जाऊन यावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण आमच्यात बोलायचा दिवस ठरलेला होता आणि त्या दिवसाची वाट बघायची सवय लागली होती.

अक्षय तृतीयेच्या आधी तीन दिवस, सकाळी बैलाला पाणी दाखवता दाखवता अण्णा गोठ्यात खाली बसले, ते उठले नाहीत.

मी गेलो तेव्हा त्यांना अंगणात निजवलेलं होतं. तोंड शांत होतं. ताटी बांधली, उचलायची वेळ आली. पुढच्या बाजूला सख्ख्या भावानं लागायचं. मी पुढं झालो, वाकलो, तेवढ्यात बायकोनं माझा दंड धरला. "टाके," ती एवढंच म्हणाली. मी थांबलो. आयुष्यभर मी साहेबाचं, डॉक्टरचं, बायकोचं, कुणाचं ऐकलं नव्हतं. नेमकं त्या दिवशी ऐकलं. माझ्या जागी भावकीतला एक लांबचा पुतण्या लागला. मी मोकळ्या हातांनी मागून चाललो. गावानं बघितलं. अपेंडिक्स होऊन सात-आठ महिने झालेला भाऊ खांदा देत नाही, म्हणजे मनातली अढी मेल्यावरही गेली नाही, असंच सगळ्यांनी धरलं असणार. मी कुणाला काय सांगणार होतो?

मग येळवस आली. माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण करत नाहीत. अण्णांच्या शेतात खोप उभी राहिली नाही. आमच्याकडं अशा घराला भाऊबंदांनी जेवण न्यायचं असतं. बायकोनं भरलेली टोपली माझ्या डोक्यावर दिली. आता वजन चालत होतं. मी बांध ओलांडला. वर्षानुवर्षं मला बोलावून नेलेल्या जागी मी पहिल्यांदाच न बोलावता गेलो.

पांडवांच्या जुन्या दगडांजवळ लिंबाखाली वहिनी एकट्याच बसल्या होत्या. लेकीसुना गावात होत्या. मी टोपली उतरवली, त्यांना वाढलं, माझ्यासाठीही वाटीभर भज्जी घेतली. वहिनींनी माझ्या वाटीत डोकावून बघितलं.

"साल चालतं व्हय आता तुमास्नी?"

मी चमकलो. "चालतं. पण तुमास्नी कुणी सांगितलं सालाचं?"

"ह्यांनीच की." वहिनी पांडवांकडं बघत बोलत होत्या. "गेल्या साली येळवशीच्या आधी दोन दिस बसून दाणे सोलत व्हते. तुरीचे, हरबऱ्याचे, वाटाण्याचे. गरम पाण्यात टाकायचे आन् एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायचे. म्या म्हणलं, येडं लागलं का, एवढ्या पातेल्याचे दाणे कोण सोलतं? तर म्हणले, समद्यांच्या पातेल्याचे न्हाय, बारक्याच्या वाटीपुरते. त्याला साल पचत न्हाय. नखं दुखायला लागली तरी कुणाला हात लावू दिला न्हाय."

मी घास परत वाटीत ठेवला. "पण त्यांना कसं कळलं?"

"दवाखान्यात गेले व्हते की सोलापूरला. तिसऱ्या दिशी. तुमी झोपला व्हता, तुमच्या बाई औषदं आणायला गेल्या व्हत्या. नर्सबाईला इचारून आले, काय चालतं, काय न्हाय. मला म्हणले, त्याला सांगू नगंस म्या आलो व्हतो. त्याला आवडायचं न्हाय. तुमी घरी आल्यावर काय झालंय इचारलं तर म्हणले, अपेंडिक्स. गावात बी जो इचारंल त्याला तेच. अपेंडिक्स."

लहानपणी राखणीला आम्ही दोघं भाऊ शेतात झोपायचो. विंचूकाटा येऊ नये म्हणून अण्णा माझ्या अंगावरची वाकळ गळ्यापर्यंत ओढायचे आणि दोन्ही बाजूंनी माझ्या अंगाखाली खोचायचे. मी तक्रार करायचो, हलता येत नाही म्हणून. ते म्हणायचे, गप पड. दवाखान्यात चादरीत जागा झालो तेव्हा मला हे आठवायला पाहिजे होतं. मला मावशीचा राग आला होता.

"हाका मारल्या तुमास्नी तीन," वहिनी म्हणाल्या. "बाईंनी सांगितलं झोपलेत. मग ती वाटी झाकून ठेवली. कुणी हात लावायचा न्हाय. दुपारच्याला म्हणले, त्याला इथवर चालवत नसंल. डब्यात घाल, म्याच दिऊन येतो. गेले डबा घिऊन बांधाकडं."

मी बांधाकडं बघितलं.

"आन् तसाच डबा घिऊन माघारी आले. खांद्याला ही एवढी माती लागल्याली. म्या म्हणलं, काय झालं? तर म्हणले, बांधावरनं घसरलो. आन् डबा? म्हणले, बारक्या झोपलाय गाढ. उठवावं वाटलं न्हाय. सांजच्याला ती भज्जी एकट्यानं खाल्ली. म्या इचारलं, कशी लागती बिनसालाची? म्हणले, लेकराच्या खाण्यावानी."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. वारा सुटला होता, बांधापलीकडं माझी ज्वारी सळसळत होती. मग त्या पहिल्यांदाच माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला लई दिस वाटत व्हतं, तुमी जागं असूनबी आला न्हाईत. पर ह्यांनी डोळ्यांनी बघितल्यालं. खरंच झोपला व्हता न्हवं, भावजी?"

मी वाटी खाली ठेवली.

"व्हय वैनी," मी म्हणालो. "झोपलो व्हतो."